छोट्या विमानाच्या कॉकपिटमधून तातडीने बाहेर पडताना

मुंबईतून वैमानिक होण्याच्या वाटेला लागलेल्या मुलामुलींचे पहिले काही महिने बहुधा अंधेरी-विलेपार्ल्याकडच्या वर्गांत हवामानशास्त्र, दिशादर्शन आणि नियमावली पाठ करण्यात जातात, आणि प्रत्यक्ष उड्डाणासाठी त्यांना धुळे, शिरपूर किंवा बारामती गाठावी लागते. तिथे विमानात बसायचे कसे हे पहिल्याच दिवशी कोणीतरी नीट दाखवते: पंखावर पाय कुठे ठेवायचा, आसन पुढे कसे सरकवायचे, पट्टा कसा आवळायचा. घाईने बाहेर कसे पडायचे हे मात्र विमानाच्या पुस्तिकेतल्या आणीबाणीच्या प्रकरणावर सोडून दिले जाते, आणि ते प्रकरण वाचताना मुलांचे सगळे लक्ष हवेत इंजिन बंद पडले तर काय करायचे याकडे असते. मी शिकवायला लागल्यापासून हा क्रम उलटा केला आहे. माझ्याबरोबर पहिले उड्डाण करण्याआधी विद्यार्थ्याला डोळे मिटून दार उघडून बाहेर यावे लागते. विमान जमिनीवर आहे, थांबले आहे किंवा थांबते आहे, आणि आत राहणे धोक्याचे झाले आहे, एवढ्याच प्रसंगाचा विचार या लेखात केला आहे.

विमानाचा अपघात म्हणजे सगळे संपले, असे अनेकांच्या मनात असते. छोट्या विमानांच्या बाबतीत ते बरेचदा खरे नसते. धावपट्टी सोडून गवतात घुसणे, नाकावर उभे राहणे, उलटे होणे, सुरू करताना इंजिनाने पेट घेणे अशा घटनांत वेग कमी असतो आणि आतली माणसे बहुधा शुद्धीवर असतात. 14 सप्टेंबर 2023 रोजी मुंबई विमानतळावर मुसळधार पावसात उतरताना एक लिअरजेट 45 विमान धावपट्टीवरून घसरले आणि मोडले, तरी त्यातले आठही जण वाचले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषानुसार विमानतळाच्या अग्निशमन दलाने वापरात असलेल्या धावपट्टीवर कुठेही तीन मिनिटांच्या आत पोहोचायचे असते आणि दोन मिनिटांचे उद्दिष्ट ठेवायचे असते. मोठ्या विमानतळावर ही चोख व्यवस्था आहे, पण चार आसनांच्या केबिनमध्ये आग शिरली तर दोन मिनिटेही फार असतात. म्हणून बंब येईपर्यंतचे काम आतल्या माणसाचेच आहे, असे समजूनच शिकावे.

इंधनाची ओळखही इथेच करून घ्यावी. पिस्टन इंजिनांच्या बहुतेक प्रशिक्षण विमानांत निळ्या रंगाचे अ‍ॅव्हगॅस 100 एलएल असते. ते शून्याखालच्या तापमानातही पेट घेण्याजोगी वाफ सोडते, त्यामुळे आपल्याकडे कोणत्याही ऋतूत ते सांडले की लगेच धोका सुरू होतो. डायमंडच्या डिझेल इंजिनांच्या विमानांत जेट ए-1 असते आणि त्याचा ज्वलनांक, म्हणजे त्याची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते ते तापमान, किमान 38 अंश सेल्सिअस असतो. हे ऐकून काही जण निश्चिंत होतात. मे महिन्याच्या दुपारी ॲप्रनवरचे, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवरचे, डांबर त्याहून कितीतरी अधिक तापलेले असते, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

बसण्यापूर्वी

आपल्या विमानाला बाहेर पडण्याच्या वाटा किती आणि त्या कशा उघडतात, हे त्या विमानापाशी उभे राहून शिकावे, कारण एका विमानाची सवय दुसऱ्यात घात करू शकते. सेस्ना 152 आणि 172 यांचे पंख वर असतात आणि दोन्ही बाजूंना एकेक दार असते. पायपर चेरोकी, वॉरियर किंवा आर्चर या विमानांचे पंख खाली असतात आणि पुढच्या आसनांसाठी एकच दार, तेही उजव्या बाजूला, पंखावर उघडणारे असते. त्या दाराला कडेला एक आणि माथ्यावर एक असे दोन खटके असतात. कडेचा खटका काढून दाराला धक्के देत बसलेले आणि माथ्यावरचा विसरलेले विद्यार्थी मी अनेकदा पाहिले आहेत. डायमंड डीए40 मध्ये पुढच्या दोघांसाठी पुढे उचलली जाणारी काचेची कॅनॉपी असते आणि मागच्या प्रवाशांसाठी डाव्या बाजूला वेगळे दार असते. सेस्ना 206 मध्ये तर उजव्या बाजूच्या मागच्या दुहेरी दाराचा पुढचा भाग फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी फळी) खाली असताना पुरता उघडतच नाही. मागे बसलेल्या माणसाला हे आधी सांगितलेले नसेल, तर धुरात त्याला ते उमगणे अवघड आहे.

पायपरसारख्या एकाच दाराच्या विमानात उजव्या आसनावर कोणाला बसवायचे, हा माझ्या मते सुरक्षिततेचा पहिला निर्णय आहे. घरातल्या ज्येष्ठ माणसाला पुढून छान दिसेल म्हणून आपण प्रेमाने उजवीकडे बसवतो. पण तिथला माणूस बाहेर पडल्याशिवाय वैमानिक बाहेर पडू शकत नाही, आणि मागच्यांची वाटही तीच असते. गुडघे दुखणाऱ्या आजीला मागे बसवावे आणि पुढे असा माणूस बसवावा, जो सांगताक्षणी दोन्ही खटके काढून पंखावर उतरेल आणि आजीला हात देईल.

आग विझवण्याचे छोटे उपकरण कुठे बसवले आहे आणि त्याची पकड कशी सुटते, हे हाताने चाचपून पाहावे. काही विमानांत काच फोडण्यासाठी हातोडी असते. सिरस कंपनीच्या विमानांत ती दोन आसनांच्या मधल्या कप्प्यात असते. हातोडी असेल तर तिची जागा डोळे मिटून सापडली पाहिजे.

कपड्यांबद्दल दोनच गोष्टी सांगतो. अंगभर सुती कपडे घालावेत, कारण नायलॉन आणि पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतात. पायांत बंद, नाडीचे बूट असावेत. पावसाळ्यात चपला घालून आलेल्या पाहुण्यांना मी विमानात घेत नाही, कारण ओल्या पंखावर चपला निसटतात आणि तापलेल्या डांबरावर किंवा काचांवर अनवाणी धावणे कोणालाच जमत नाही. साडी किंवा ओढणी असेल तर पदर खोचून, ओढणी गाठ मारून किंवा काढून बसावे. पदर आसनाच्या रुळात किंवा फ्लॅपच्या दांड्यात अडकला तर बाहेर पडताना तो सोडवायला वेळ नसतो.

प्रवाशांना इंजिन सुरू होण्याआधी दार उघडून दाखवावे आणि मग त्यांच्याकडून उघडवून घ्यावे. पट्ट्याचेही तसेच करावे. गाडीचा पट्टा अंगठ्याने लाल बटण दाबून सुटतो आणि घाबरलेला अंगठा तेच बटण शोधत राहतो. विमानातला पट्टा अनेकदा झाकण उचलून सोडायचा असतो. प्रत्येक प्रवाशाने तो किमान तीनदा लावावा आणि सोडावा.

विमान थांबेपर्यंत

मुंबईकराच्या अंगात एक सवय मुरलेली असते: आपले स्टेशन येण्याआधीच तो उठतो, पिशवी छातीशी धरतो आणि दाराच्या दिशेने सरकू लागतो. विमानात ही सवय पूर्णपणे बाजूला ठेवावी लागते. विमान धावपट्टी सोडून गेले, नाक खाली घासले, तरी ते पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सुटता कामा नये, कारण दुसरा आणि तिसरा धक्का पहिल्याहून जबर असू शकतो. पिशवी, मोबाइल, उड्डाणाची वही यांतले काहीही हातात घ्यायचे नाही.

दाराचे मात्र उलटे आहे. धडक होणार हे आधी कळले असेल, उदाहरणार्थ इंजिन बंद पडून शेतात उतरावे लागत असेल किंवा ब्रेक लागत नाहीत हे धावपट्टीवरच लक्षात आले असेल, तर विमान आदळण्यापूर्वी दाराचा खटका सोडून ठेवावा. सेस्नाच्या सक्तीच्या अवतरणाच्या यादीत ही कृती दिलेली आहे. धडकेत विमानाचा सांगाडा पिळवटला की दाराची चौकट वाकडी होते आणि बंद दार चौकटीत रुतून बसते. खटका सुटलेले दार अडकण्याची शक्यता कमी असते. फटीत घडी केलेला नकाशा किंवा तसेच काही खोचून ठेवण्याची जुनी रीतही चांगली आहे. कॅनॉपीच्या विमानांत मात्र हे परस्पर ठरवू नये, त्या विमानाची पुस्तिका जे सांगते तेच करावे.

हातांचा क्रम

विमान थांबल्यावर हातांनी एक ठरलेला क्रम चालवायचा असतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, मागे घ्यावे. मिक्श्चर (इंधन आणि हवेचे प्रमाण ठरवणारा दांडा) पूर्ण बाहेर ओढावे, म्हणजे इंजिनाला इंधन मिळणे थांबते आणि प्रोपेलर थांबतो. फ्युएल सिलेक्टर किंवा शट-ऑफ, म्हणजे टाकीतून येणाऱ्या इंधनाचा खटका, बंद करावा. सेस्नात तो दोन आसनांमध्ये खाली असतो आणि पायपरमध्ये वैमानिकाच्या डाव्या पायाजवळच्या भिंतीवर असतो. मॅग्नेटो, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारी यंत्रे, बंद करावेत. वेळ असेल तर टॉवरला ‘मेडे’ हा संकटाचा इशारा, आपले संकेतनाम, जागा आणि माणसांची संख्या एका दमात सांगावी, आणि त्यानंतरच विमानाची सगळी वीज तोडणारा मास्टर स्विच बंद करावा, कारण मास्टर गेला की रेडिओही जातो. सराव असेल तर एवढे सगळे पाच-सहा सेकंदांत होते. ज्वाळा आत शिरत असतील तर रेडिओ सोडून द्यावा. टॉवरमधल्या माणसाला धूर दिसतोच.

पार्किंग ब्रेकबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात. उतारावर विमान सरकू नये म्हणून तो लावावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण आग लागलेल्या विमानाला शेजारच्या विमानांपासून किंवा हँगरपासून ओढून दूर न्यावे लागू शकते, म्हणून काही विमानांच्या यादीत तो सोडायला सांगितलेले असते. आपल्या विमानाची यादी काय म्हणते ते पाठ असावे.

यानंतर दार उघडावे, मग पट्टा सोडावा, मग हेडसेट काढून आसनावर टाकावा. दार आधी का, असे विचारले जाते. पट्ट्यात घट्ट बसलेल्या माणसाला खांद्याने आणि कोपराने दारावर जोर देता येतो. सुटलेला माणूस तिरक्या विमानात स्वतःलाच सावरत बसतो. हेडसेटच्या वायरचा विसर पडला तर ती मानेला मागे खेचते. वायर उपसण्याच्या नादी लागू नये, डोक्यावरून तो काढला की काम झाले. सेस्नात पाय स्टिअरिंगच्या खाली अडकत असतील तर आसनाचा खटका उचलून ते मागे सरकवावे.

सुरू करताना लागलेली आग

नवख्या माणसावर ही वेळ येण्याची शक्यता इतर प्रसंगांपेक्षा जास्त असते आणि इथेच मनाची स्वाभाविक प्रतिक्रिया चुकीची असते, म्हणून यावर थोडे अधिक लिहितो. कार्ब्युरेटर असलेले इंजिन सुरू होत नसले की विद्यार्थी प्रायमर (सुरू करण्याआधी इंजिनात जादा इंधन सोडणारा पंप) पुन्हा पुन्हा मारतो किंवा थ्रॉटल मागेपुढे करतो. जादा इंधन हवा आत घेण्याच्या मार्गात साचते आणि इंजिन उलटे खोकले की ते पेटते. मी स्वतः विद्यार्थी असताना सेस्ना 152 मध्ये हेच केले होते. काउलिंगखालून, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखालून, नारिंगी जीभ दिसली आणि माझा हात चावी सोडून दाराकडे गेला. शेजारी बसलेल्या सरांनी माझा हात तसाच धरून पुन्हा चावीवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, “चावी सोडू नकोस. फिरवत राहा.” दोन-तीन सेकंदांत इंजिन सुरू झाले आणि आग आत ओढली जाऊन नाहीशी झाली.

त्यामागचे कारण सोपे आहे. स्टार्टर फिरत राहिला की इंजिन हवा आत ओढते, आणि त्या हवेबरोबर ज्वाळा आणि साचलेले इंधन दोन्ही सिलिंडरमध्ये जाऊन जळतात, जिथे ते जळायलाच हवे असते. चावी सोडली की आग आहे तिथेच जळत राहते. इंजिन सुरू झाले तर ते मिनिटाला सुमारे 1700 फेऱ्यांवर एक-दोन मिनिटे चालवून मग बंद करावे आणि तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. सुरू झालेच नाही, तर थ्रॉटल पूर्ण पुढे, मिक्श्चर पूर्ण बाहेर अशा स्थितीत काही सेकंद आणखी फिरवावे, आणि आग तरीही दिसत असेल तर मास्टर, मॅग्नेटो, इंधन बंद करून, विझवण्याचे उपकरण हातात घेऊन बाहेर पडावे. इंधन फवाऱ्याने देणाऱ्या इंजिनांची आणि डिझेल इंजिनांची रीत थोडी वेगळी असते, ती त्यांच्या पुस्तिकेतून घ्यावी.

ते उपकरण काही सेकंदांतच रिकामे होते, म्हणून ते विमान वाचवण्यासाठी आहे असे समजू नये. त्याचा पहिला उपयोग बाहेर पडण्याची वाट मोकळी करणे हा आहे. फवारा ज्वाळेच्या मुळाशी मारावा. काउलिंग उघडू नये, हवा मिळाली की आग भडकते.

बाहेर पडल्यावर कुठे जायचे

उत्तर प्रत्येक विमानात एकच आहे: शेपटीकडे. प्रोपेलर थांबलेला असला तरी तो जिवंत आहे असेच धरावे, कारण मॅग्नेटो चालू राहिला असेल तर पाते हाताने थोडे हलले तरी इंजिन धक्का देऊ शकते. पायपरसारख्या विमानात पंखाच्या मागच्या कडेवरून उतरावे, पुढच्या कडेवरून घसरत खाली येऊ नये, तिथून माणूस सरळ प्रोपेलरच्या कक्षेत पडतो. सेस्नात दारातून उतरून पंखाच्या तिरप्या दांड्याच्या मागून शेपटीकडे जावे. आग ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध दाराने उतरावे, मग ते आपले रोजचे दार नसले तरी चालेल.

विमानाच्या मागे आल्यावर जिकडून वारा येतो आहे त्या दिशेला किमान शंभर पावले दूर जावे. विंडसॉककडे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे, एक नजर टाकणे पुरेसे असते. मुंबईच्या जुहू विमानतळावर दुपारी वारा बहुतेक वेळा समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो, त्यामुळे धूर वस्तीच्या बाजूला जातो आणि माणसांनी समुद्राच्या बाजूला सरकणे योग्य ठरते. जुहूला आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तिथे समुद्रातल्या तेलक्षेत्राकडे ये-जा करणारी हेलिकॉप्टरे सतत असतात. धावताना दुसऱ्याच एखाद्या फिरत्या रोटरकडे आपण जात नाही ना, हे पाहावे. धावपट्टीवर उभे राहू नये. गवतात एकत्र जमून माणसे मोजावीत. कोणी आत राहिले नसेल तर कोणत्याही वस्तूसाठी परत जाऊ नये. विमानतळाबाहेर असाल तर 112 वर फोन करावा. दुखापत झालेल्याला 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत शक्यतो हलवू नये. मदतीला आलेल्या लोकांना दार बाहेरून कसे उघडते ते सांगावे आणि विडी-सिगारेट पेटवणाऱ्यांना लांब ठेवावे. सिरस विमान असेल तर अख्ख्या विमानाला तोलणाऱ्या त्याच्या पॅराशूटचे रॉकेट आत असते, म्हणून केबिनच्या वरच्या आणि मागच्या भागापासून सर्वांना दूर ठेवावे.

दार उघडलेच नाही, किंवा विमान उलटले

दार रुतले तर एकाच दाराशी झगडण्यात वेळ घालवू नये. एकदा खांद्याने, एकदा दोन्ही पायांनी जोर लावून पाहावा आणि लगेच दुसऱ्या दाराकडे, उघडणाऱ्या खिडकीकडे किंवा सामानाच्या दाराकडे वळावे. खिडक्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. हातोडी मध्यावर मारली तर ती उसळते, म्हणून कडेला, कोपऱ्याजवळ मारावी, आणि पहिले भोक पडल्यावर तिथूनच तुकडे तोडत जावे.

उलटलेल्या विमानात माणूस पट्ट्यावर लटकत असतो आणि त्याला पहिली इच्छा पट्टा सोडण्याची होते. तो सोडला की माणूस डोक्यावर पडतो आणि धडकेतून धड राहिलेली मान तिथे दुखावते. म्हणून एक हात छतावर घट्ट टेकावा, पाय पॅनेलखाली किंवा बाजूला रोवावेत, हनुवटी छातीशी घ्यावी आणि मगच दुसऱ्या हाताने पट्टा सोडावा. दाराची मूठ आता नेहमीच्या दिशेच्या उलट लागते. वर बघून ती शोधू नये. दाराच्या चौकटीवरून हात सरकवत न्यावा. टाक्यांच्या झाकणांतून इंधन ठिबकत असते, त्यामुळे कोणताही विद्युत स्विच चालू करू नये. कॅनॉपीचे विमान उलटले तर कॅनॉपी जमिनीला टेकून उघडत नाही. अशा वेळी बाजूची काच फोडावी किंवा मागचे दार वापरावे, आणि बाहेर माणसे असतील तर शेपटी किंवा पंखाचे टोक उचलायला सांगावे. छोट्या विमानाचा पंख काही माणसे मिळून उचलू शकतात.

सराव

हँगरमध्ये संध्याकाळी, प्रशिक्षकाची परवानगी घेऊन, चावी काढून प्रशिक्षकाच्या खिशात आणि मास्टर बंद असताना सराव करावा. पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून, क्रम मोठ्याने म्हणत करावा. नंतर डोळ्यांवर रुमाल बांधून. नंतर हेडसेट, नी-बोर्ड (मांडीला बांधायची लिहिण्याची पाटी), बूट असा पूर्ण जामानिमा करून, कारण रिकाम्या हाताने जमलेले या सामानासह जमतेच असे नाही. पंखाच्या पुढच्या कडेवरून घसरणाऱ्याला थांबवायला एक माणूस उभा ठेवावा. हाताला काही अडकले, तर ते का अडकले हे शोधून ती वस्तू पुढच्या वेळी दुसरीकडे ठेवावी. माझ्या एका विद्यार्थिनीची पाण्याची बाटली दर वेळी दाराच्या मुठीखाली सापडायची. तिसऱ्या सरावानंतर तिने बाटली मागच्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली.

डाव्या आसनावरून हे जमले की तोच सराव उजव्या आसनावरून पुन्हा पहिल्यापासून करावा. पुढेमागे तुम्ही कोणालातरी सोबत घेऊन बसणार आहात. उजव्या आसनावरून सगळ्या वस्तू वेगळ्या अंतरावर आणि वेगळ्या हाताला लागतात. शेजारच्या माणसाला तुम्ही त्याच जागेवरून बाहेर काढणार आहात.